शाईखालची बेरीज

प्रकाशाच्या शोषणाचा धडा मी बारा वर्षं शिकवतोय. फळ्यावर आलेख काढायचा, कोणता पदार्थ कोणती तरंगलांबी गिळतो ते सांगायचं, दोन गणितं सोडवून घ्यायची. मुलं उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात. त्या आलेखाची कुणाला कधी खरीखुरी गरज पडेल, असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

एका दुपारी इतिहास विभागातल्या मॅडम चपटी पेटी घेऊन प्रयोगशाळेत आल्या. आत जुन्या हिशेबवहीचं सुटं पान होतं. त्यातल्या सहा ओळींवर कुणीतरी शाई फासली होती, इतकी दाट की भिंगातूनही नुसतं काळं दिसत होतं. “दोन वर्षं इथंच अडकलेय,” त्या म्हणाल्या. कुणाचं तरी देणं लपवलंय असा त्यांचा कयास होता, आणि पुस्तकाचं एक अख्खं प्रकरण त्यांनी त्यावर बेतलं होतं.

मला आधी आठवली आर्किमिडीजच्या ग्रंथाची दहाव्या शतकातली प्रत. तेराव्या शतकात तिच्यावरचा मजकूर खरवडून वर प्रार्थना लिहिल्या गेल्या. 2005 मध्ये स्टॅनफर्डला क्ष-किरणांनी शाईतलं लोखंड हुडकून खालची अक्षरं वाचली गेली. मी उत्साहाने हे सांगत होतो, तेवढ्यात मॅडमनी विचारलं, “पण खालच्या शाईत लोखंडच नसेल तर?”

त्यांनी पानाच्या मोकळ्या ओळींवर बोट दाखवलं. ती अक्षरं अजून काळीभोर होती, म्हणजे काजळी आणि डिंकाची शाई. फासलेल्या डागाची कड मात्र तपकिरी पडलेली. ती मायफळ आणि हिराकस यांची, म्हणजे लोखंडाची. क्ष-किरणांना वरचा डाग दिसला असता, काजळी नाही.

मी गप्प झालो. मग लक्षात आलं, हे तर आपल्या पथ्यावरच पडलंय! लोखंडाची शाई अवरक्त प्रकाशात, म्हणजे लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात विरळ होत जाते, 1000 नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ पारदर्शक होते. काजळी तिथंही काळीच राहते. हा माझाच आलेख होता.

तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनी तिथं प्रयोग करत होत्या. त्यांनी जुन्या कॅमेऱ्यातला अवरक्त अडवणारा फिल्टर काढला आणि भिंगावर दृश्य प्रकाश अडवणारा बसवला. सिलिकॉनच्या सेन्सरला साधारण 1100 नॅनोमीटरपर्यंतच दिसतं, तेही कडेला अंधूक, म्हणून छायाचित्राला वेळ जास्त द्यावा लागला. मी हॅलोजनचा दिवा जवळ ओढला तसा मॅडमनी माझा हातच धरला. कागद तापता कामा नये. मग दिवा लांब नेला आणि फक्त छायाचित्र घेताना लावायचं ठरवलं.

तिसऱ्या छायाचित्रात डाग राखाडी झाला आणि त्यातून आकडे वर आले. कुणी बोललं नाही. मॅडम एकेक आकडा वाचू लागल्या, आमच्यातली एक मुलगी तोंडीच मिळवत गेली. शेवटचा आकडा ऐकून ती म्हणाली, “मॅडम, बेरीज चुकलीय. चाळीसनं कमी आहे.”

मॅडमनी पुन्हा वाचलं. बेरीज खरंच चुकली होती. त्यांनी पेटीतून पुढच्या पानाची प्रत काढली. वरचे आकडे तेच, तिथं बेरीज मात्र बरोबर. कारकुनानं चूक खोडून हिशेब नव्यानं मांडला होता. लपवालपवी नव्हतीच.

मला वाईट वाटलं, दोन वर्षांचं काम होतं ते. पण मॅडम स्टुलावर बसल्या, तो आकडा परत परत बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आता प्रकरण नव्यानं लिहिते. या माणसावर मी उगाच आळ घेत होते.” किती आनंदात होत्या! संशोधन करणाऱ्या माणसाचा असा चेहरा मुलांनी शिकतानाच बघायला हवा, असं मला मनापासून वाटतं. त्या दोघींना तो दिसला.

सोमवारी वर्गात मी आलेख काढला नाही. आधी त्या डागाचं छायाचित्र लावलं आणि विचारलं, याच्याखाली काय आहे ते कसं शोधाल? तास संपला तरी मागच्या बाकावरची दोघं वाद घालतच होती.