एकाच उंचीचे तीन घन

अबू धाबीत इतकी वर्षं काढली, पण सादियात बेटावरचं ‘अब्राहमिक फॅमिली हाउस’ पाहायचं राहूनच जात होतं. शेवटी परवा शनिवारी शेजारच्या गोवेकर आंटींनी धरून नेलं. गाडी ऑफिसातल्या मलबारी मित्राची. म्हणजे एक कॅथलिक, एक मुसलमान आणि एक मी, ज्याचा देवाशी संबंध बहुतेक गणपतीच्या दहा दिवसांपुरताच येतो.

एकाच आवारात मशीद, चर्च आणि सिनॅगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ. तिन्ही घनाकार, तिन्ही ३० मीटर उंच. कुणाचं शिखर कुणाच्या वर नाही. तोंडं मात्र तीन दिशांना: मशिदीचं मक्केकडे, चर्चचं उगवतीला, सिनॅगॉगचं जेरुसलेमकडे.

हे उभं राहिलं एका कागदामुळे. ४ फेब्रुवारी २०१९ ला पोप फ्रान्सिस आणि कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे मुख्य इमाम अहमद अल-तय्यब यांनी याच शहरात मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. अरबी द्वीपकल्पात पाय ठेवणारे फ्रान्सिस हे पहिलेच पोप. दुसऱ्या दिवशी झायेद स्पोर्ट्स सिटीत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, झाला, लाखाच्या वर माणसं. आंटी त्या गर्दीत होत्या. “पोप दिसला का?” मी विचारलं. “पांढरा ठिपका दिसला,” म्हणाल्या, “पण तो हलत होता!”

घरी येऊन तो दस्तऐवज वाचला. माणूस कोण, याचं त्यातलं उत्तर पहिल्या काही ओळींतच येतं: हक्क, कर्तव्यं आणि प्रतिष्ठा यांत देवाने सगळ्यांना सारखं घडवलं. पुढे येतं की एका माणसाला मारणं म्हणजे अख्ख्या मानवजातीला मारणं. मित्राने लगेच सांगितलं, ही कुराणातली आयत. खरंच आहे. पण त्या आयतीतच म्हटलंय की हा हुकूम इस्राएलच्या संततीला दिला होता, आणि यहुद्यांच्या मिश्नात, म्हणजे त्यांच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, जवळपास हेच वाक्य सापडतं. धर्मांमधला संवाद परिषदांच्या टेबलावर सुरू होतो असं आपण समजतो. या वाक्याने तो प्रवास कित्येक शतकं आधीच केलाय.

खरं सांगायचं तर मी थोडा रुसूनच गेलो होतो. हे तिन्ही धर्म ज्याला पूर्वज मानतात त्या अब्राहमच्या घरात आपली खोली कुठली? आपलं मंदिर शहराबाहेर, अबू मुरेखाला, २०२४ मध्ये उघडलं. तिथे जायला वेगळा शनिवार. पण सिनॅगॉगमध्ये छतातून सोडलेल्या ब्राँझच्या साखळ्यांच्या पडद्याखाली उभा होतो आणि एकदम अलिबाग आठवलं. आमच्या आजोळी ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, मराठीच बोलायचे, नवसाला मलिदा करायचे. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या त्यांच्या पूर्वजांच्या जहाजाची कथा आम्ही लहानपणी कितीदा ऐकलेली. म्हणजे मराठी बोलणारी माणसं या घरात आधीपासून आहेत. मीच उगाच उंबऱ्यावर उभा होतो. रुसवा तिथेच गळला.

दस्तऐवजातला मला सर्वांत धारदार वाटलेला शब्द मात्र ‘बंधू’ नव्हे. भाऊ म्हणायला काय लागतं, इथे टॅक्सीवाल्यालाही आपण ‘भाई’ म्हणतो. धारदार शब्द ‘नागरिक’. कुणाला अल्पसंख्य म्हणून बाजूला काढू नका, पूर्ण नागरिकत्व द्या, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. आणि हे ज्या देशात सही झालं तिथे दहातली जवळजवळ नऊ माणसं माझ्यासारखी व्हिसावरची! चर्चमधल्या मिस्सालाही बहुतेक सगळे परदेशीच. टोमणा म्हणून नाही सांगत. पंतांनी पंगत वाढली आणि पाटावर बसलेले सगळेच पाहुणे, तसं काहीसं वाटलं खरं.

मित्र असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजाला मशिदीत गेला, तोवर आंटी चर्चमध्ये जाऊन बसल्या. मी मधल्या बागेत दोघांच्या चपला-बुटांचा आणि पिशव्यांचा राखणदार.

परतताना करक चहा झाला, मग मुसफ्फातल्या टायपिंग सेंटरला, म्हणजे व्हिसाबिसाचे अर्ज भरून देणाऱ्या दुकानात, थांबलो. आंटींचे यजमान पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत, व्हिसा त्यांच्याच नोकरीवर. बत्तीस वर्षं झाली इथे. काउंटरवरच्या मुलाने कागद चाळले आणि विचारलं, “परमनंट ॲड्रेस?” आंटींनी म्हापशाचा पत्ता सांगितला, पिनकोड मात्र त्यांना आठवेना.