पाळणाघर काढायचं होतं, अडलं सोसायटीच्या पत्रावर

पाळणाघरात पहिलं मूल येण्याआधी मी त्या रिकाम्या फ्लॅटचं तीन महिन्यांचं भाडं भरलं. 22 हजार गुणिले तीन. म्हणून आधी हेच सांगते: सोसायटीचं ना हरकत पत्र हातात पडल्याशिवाय भाडेकरारावर अंगठा टेकवू नका. मी टेकवला. घरमालक काका म्हणाले होते, "सोसायटीचं काय, मी सांगतो त्यांना. आपलीच माणसं आहेत."

जागा पुण्यात कर्वेनगरमध्ये, तळमजल्यावर, मागे चिमुकलं अंगण. 24 फ्लॅटची जुनी सोसायटी. काका स्वतः आता मुलाकडे नाशिकला असतात.

मला धास्ती होती सरकारी कागदांची. "पाळणाघराचा परवाना" असा एकच कागद असेल या समजुतीत एका कार्यालयात गेले. खिडकीवरच्या मॅडम म्हणाल्या, "शाळा की दुकान?" मी म्हटलं, दोन्ही नाही. त्यांनी माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं. मग कागद सुटे सुटे जमवत गेले. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर घरबसल्या झाली, फुकट. (पैसे मागणारी साइट उघडली तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात.) दुपारची खिचडी आम्हीच देणार, म्हणून अन्न नोंदणी. उलाढाल छोटी, त्यामुळे वर्षाचे 100 रुपये लागले. दोन्ही मावशींचं पोलीस व्हेरिफिकेशन. यातलं काहीच अडलं नाही.

अडलं ते जिन्याखालच्या आठ बाय दहाच्या ऑफिसात.

सेक्रेटरी काकांकडे अर्ज नेला. ते म्हणाले, "आधी शॉप अॅक्ट आणा. परवाना नसताना आम्ही परवानगी कशी द्यायची?" बरोबर वाटलं. (शॉप अॅक्ट म्हणजे दुकान-आस्थापना कायद्याखालची नोंदणी.) घरी येऊन फॉर्म भरायला बसले, तर त्यात बोर्डासकट जागेचा फोटो हवा. बोर्ड मराठीतच हवा; 2022 पासून दहाच्या आत कामगार असलेल्यांनाही ते बंधनकारक आहे. फ्लेक्स करून घेतला, लावायला गेले, तर वॉचमन म्हणाला, सोसायटीच्या परवानगीशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही. म्हणजे शॉप अॅक्टसाठी बोर्ड, बोर्डासाठी सोसायटी आणि सोसायटीसाठी शॉप अॅक्ट.

या फेऱ्यात तीन आठवडे गेले. कमिटी भेटते महिन्याच्या पहिल्या रविवारी. त्याआधी काहीही विचारलं की "मीटिंगमध्ये ठेवू". शेवटी एका दुपारी मी बोर्ड मागच्या अंगणाच्या दाराला सुतळीने बांधला, फोटो काढला आणि दोन मिनिटांत सोडला. वॉचमनने पाहिलंच. संध्याकाळी काकांना नाशिकला फोन आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारावर पत्र: विनापरवाना फलक लावल्याबद्दल खुलासा करावा.

पण फोटो चालला. ऑनलाइन पावती आली, ती घेऊन मी जवळजवळ नाचतच जिन्याखाली गेले. सेक्रेटरी काकांनी चष्मा वर करून दोनदा वाचली. "ताई, हा परवाना नाही. ही नुसती सूचना दिल्याची पावती आहे." आणि चीड याची, की ते खरं होतं. 2017 च्या कायद्याप्रमाणे माझ्याएवढे थोडे कामगार असतील तर नोंदणी नसतेच, फक्त सूचना द्यायची. म्हणजे ते मागत होते तो कागद मला कधी मिळणारच नव्हता.

कमिटीच्या मीटिंगला मला दाराशी उभं केलं. सकाळी गाड्यांची गर्दी होईल. पाणी जास्त लागेल. मुलं रडतील. एका काकूंनी विचारलं, "डायपर कुठे टाकणार?" अख्ख्या मीटिंगमधला कामाचा प्रश्न तेवढाच. मी सांगितलं, कागदात गुंडाळून, लाल खूण करून, कचरेवाल्या ताईंच्या हातात वेगळे देणार. त्या गप्प बसल्या. निर्णय? "जनरल बॉडीपुढे ठेवू." वार्षिक सभा सात महिन्यांवर.

सुटका केली दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी. त्यांनी उपविधींचं, म्हणजे सोसायटीच्या नियमांचं पुस्तक काढलं आणि कलम शोधलं: एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावीच लागते. 24 चे पाच. भाडेकरूंच्या सह्या चालत नाहीत, हे लक्षात ठेवा. आजींनी सात आणल्या, त्या पाहून कमिटीने स्वतःच विशेष सभा बोलावली. (त्यांच्या सुनेची सुट्टी संपत होती आणि नातवाला दिवसभर सांभाळायची त्यांची अजिबात इच्छा नव्हती. हे त्यांनीच मला सांगितलं.)

सभेला नऊ जण आले, गणपूर्तीला सोळा लागतात. अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब. मला रडू आलं, आजी मात्र खूश. कमिटीने बोलावलेली सभा तहकूब झाली की पुढच्या वेळी गणपूर्ती लागत नाही! पुढच्या रविवारी आठ जण आले, सहा विरुद्ध दोन. काका मतदानासाठी नाशिकहून एसटीने आले होते. मी भाडेकरू, मला मत नाही.

पत्रात अटी: 15 मुलंच, बोर्ड दोन बाय तीन फूट, पालकांच्या गाड्या फाटकाबाहेर, आणि हे सगळं 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर. सही केली. त्या दिवशी त्यांनी सॅल्यूट करायला सांगितला असता तरी केला असता.

आता आठवतंय तसं. भाडेकरारात वापर "पाळणाघर" असा स्पष्ट लिहून घ्या, "निवासी" नको. वापर बदलला की मिळकतकर बिगरनिवासी दराने येऊ शकतो. तो फरक कोण भरणार, हेही त्यातच. अग्निशामक सिलिंडर आणलेत तर परवानाधारक एजन्सीकडूनच. त्यांचं ब प्रपत्र (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) दर जानेवारी आणि जुलैला नव्याने द्यायचं असतं. मी जुलै विसरले होते.

आणि वीजमीटर. घरगुती मीटरवर पाळणाघर चालवू नका, महावितरणकडे वापर बदलाचा अर्ज द्या. त्या अर्जाला जोडायला पुन्हा सोसायटीचं पत्र मागितलं. या वेळी माझ्याकडे पाच झेरॉक्स तयार होत्या.