मिनेसोटाचे न झालेले राष्ट्राध्यक्ष

मिनेसोटातील मतपत्रिका पहिल्यांदा हातात पडते, तेव्हा नवख्या मतदाराला एक गोष्ट हमखास खटकते. उरलेल्या अमेरिकेत जो पक्ष नुसता डेमोक्रॅटिक म्हणून ओळखला जातो, त्याचे नाव इथे 'डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर' असे छापलेले असते आणि बोलताना सगळे त्याला 'डीएफएल' म्हणतात. शेतकऱ्यांचा आणि कामगारांचा एक स्थानिक पक्ष १९४४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात विलीन झाला, त्याची ही खूण. ते विलीनीकरण जुळवून आणण्यात पुढाकार घेणाऱ्यांत मॅकॅलिस्टर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारा एक तरुण होता, त्याचे नाव ह्युबर्ट हम्फ्री. या राज्याने देशाला हम्फ्री आणि वॉल्टर माँडेल असे दोन उपराष्ट्राध्यक्ष दिले. दोघेही पुढे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि दोघेही हरले. २०२४ मध्ये इथले गव्हर्नर टिम वॉल्झ उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीत पराभूत झाले, तेव्हा माझ्या ऑफिसातले जुने मिनेसोटावासी फारसे हळहळले नाहीत. त्यांना सवय आहे.

'हा माणूस व्हायला हवा होता' अशी चर्चा आपल्याला नवीन नाही. यशवंतराव चव्हाणांविषयी तसे बोलणारी पिढी महाराष्ट्रात अजून आहे. परंतु अशा चर्चेत बहुधा नशीब, कारस्थान आणि दिल्ली यांच्यावर सगळे ढकलून आपण मोकळे होतो. हम्फ्री आणि माँडेल यांच्या पराभवांकडे पाहताना मला वाटते की, ज्या गुणांमुळे ते कर्तबगार ठरले, तेच गुण त्या एका निवडणुकीत त्यांना आडवे आले.

हम्फ्रींचा जन्म १९११ चा, साउथ डकोटातला. वडिलांचे औषधांचे दुकान होते आणि मंदीच्या काळात शिक्षण अर्धवट सोडून मुलालाही तिथे उभे राहावे लागले. पुढे १९४५ मध्ये ते मिनेसोटातील मिनिआपोलिस शहराचे महापौर झाले. तेव्हाचे मिनिआपोलिस आजच्यासारखे उदार वगैरे मुळीच नव्हते. ज्यूंना अनेक क्लबांत प्रवेश नव्हता आणि कृष्णवर्णीयांना चांगल्या नोकऱ्यांची दारे बंद होती. हम्फ्रींनी नोकरीतील भेदभावाला दंड करणारा नगरपालिकेचा कायदा १९४७ मध्ये करून घेतला. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियातील पक्षाच्या अधिवेशनात या सदतीस वर्षांच्या महापौराने, राज्यांच्या हक्कांच्या सावलीतून बाहेर पडून पक्षाने मानवी हक्कांच्या लख्ख उन्हात यावे, असे ठणकावून सांगितले. नागरी हक्कांचा ठराव संमत झाला आणि दक्षिणेकडील काही प्रतिनिधी सभागृह सोडून गेले. त्याच वर्षी हम्फ्री सिनेटवर निवडून आले.

त्यांची खरी कसोटी १९६४ मध्ये लागली. नागरी हक्क विधेयक सिनेटमध्ये आले, तेव्हा दक्षिणेच्या सिनेटरांनी न थांबता भाषणे करून ते रोखून धरण्याचा, म्हणजे इथल्या भाषेत फिलिबस्टरचा, मार्ग पत्करला. चर्चा संपवण्यासाठी शंभरांपैकी ६७ मते लागणार होती आणि तेवढी डेमोक्रॅटिक पक्षाकडे स्वतःच्या बळावर नव्हती. विधेयकाची धुरा हम्फ्रींकडे होती. त्यांनी विरोधी रिपब्लिकन पक्षाचे नेते एव्हरेट डर्कसन यांची महिनोन्‌महिने मनधरणी केली, त्यांच्या दुरुस्त्या मान्य केल्या आणि श्रेयही मोकळ्या हाताने त्यांच्या पदरात टाकले. १० जूनला मतदान झाले, त्या दिवशी मेंदूतील गाठीमुळे वाचा गेलेल्या कॅलिफोर्नियाच्या सिनेटर क्लेअर एंगल यांना चाकांच्या खुर्चीतून सभागृहात आणले होते. नाव पुकारल्यावर त्यांनी कसाबसा हात उचलून डोळ्याकडे नेला. इंग्रजीत डोळा आणि होकार यांचा उच्चार एकच असल्यामुळे ते मत नोंदले गेले. चर्चा संपवण्याचा ठराव ७१ विरुद्ध २९ मतांनी संमत झाला. मोठमोठ्या भाषणांपेक्षा ही चिकाटी मला अधिक मोलाची वाटते. (भाषणे मात्र हम्फ्री फार लांब करीत, याबद्दल त्यांच्या चाहत्यांतही दुमत नाही.)

त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदासाठी सोबत घेतले आणि तिथेच घोडे पेंड खाऊ लागले. फेब्रुवारी १९६५ मध्ये हम्फ्रींनी जॉन्सन यांना एक खासगी टिपण पाठवून व्हिएतनाममधील युद्ध वाढवू नये, जनता फार काळ साथ देणार नाही, असे स्पष्ट बजावले. जॉन्सन यांना तो सल्ला रुचला नाही आणि व्हिएतनामविषयीच्या खलबतांतून हम्फ्रींना दूर ठेवले गेले. एकनिष्ठ माणसाने यावर काय करावे? हम्फ्रींनी मत गिळले आणि पुढे जाहीर सभांतून त्याच युद्धाचे समर्थन केले. १९६६ मध्ये ते भारतातही आले होते. जानेवारीत लालबहादूर शास्त्रींच्या अंत्यसंस्कारासाठी आणि पुन्हा फेब्रुवारीत. ज्या 'पी. एल. ४८०' योजनेतला अमेरिकन गहू तेव्हा आपल्या रेशनच्या दुकानांत येत होता आणि ज्याच्या पोळ्यांना नावे ठेवत आपल्या आजी-आजोबांनी दिवस काढले, त्या योजनेचे हम्फ्री सिनेटमधले जुने पुरस्कर्ते होते.

१९६८ चे वर्ष अमेरिकेने विसरावे म्हटले तरी विसरता येणार नाही. मार्चअखेर जॉन्सन यांनी निवडणुकीतून माघार घेतली, एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकांत युद्धविरोधी झेंडा आधी फडकवला तो मिनेसोटाच्याच सिनेटर युजीन मॅकार्थी यांनी. हम्फ्री मात्र एकही प्राथमिक निवडणूक न लढवता, पक्षातील पुढाऱ्यांच्या बळावर उमेदवार झाले. ऑगस्टमध्ये शिकागोत अधिवेशन भरले असताना बाहेर पोलीस तरुणांना झोडपत होते आणि ते दृश्य घरोघरी दूरचित्रवाणीवर दिसत होते. त्यानंतर हम्फ्री जिथे जात, तिथे त्यांची हुर्यो उडवली जाई. अखेर ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीतून केलेल्या भाषणात, आपण निवडून आलो तर उत्तर व्हिएतनामवरील बाँबहल्ले थांबवू, असे त्यांनी सांगितले आणि पारडे झुकू लागले. परंतु तोवर उशीर झाला होता. रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांना ४३.४ टक्के आणि हम्फ्रींना ४२.७ टक्के मते पडली; राज्याराज्यांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष ठरवणाऱ्या निर्वाचक मंडळात ३०१ विरुद्ध १९१, आणि दक्षिणेतील ४६ मते तिसरे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी नेली.

इथे एक प्रकरण सांगितलेच पाहिजे. मतदानाच्या तोंडावर जॉन्सन यांनी बाँबहल्ले थांबवून वाटाघाटींचा मार्ग मोकळा केला, तेव्हा निक्सन यांच्या गोटातून, त्यांच्यासाठी निधी गोळा करणाऱ्या अ‍ॅना शेनॉल्ट यांच्यामार्फत दक्षिण व्हिएतनामच्या सरकारला वाटाघाटींत न उतरण्याचा निरोप जात होता. गुप्त पाळतीतून हे सरकारला कळले आणि हम्फ्रींच्याही कानावर आले. निक्सन यांचा स्वतःचा हात त्यात असल्याचा पक्का पुरावा नव्हता, म्हणून हम्फ्रींनी तोंड उघडले नाही. निक्सन यांच्या सूचनांची त्यांच्या सहायकाने केलेली टिपणे कित्येक दशकांनी उजेडात आली. त्या मौनाला काही जण सभ्यपणा म्हणतात. मला ते पूर्णपणे पटत नाही. युद्धाविषयी तीन वर्षे गप्प बसणे आणि या प्रकरणात शेवटच्या आठवड्यात गप्प बसणे, दोन्हींत समोरच्याला दुखवायचे नाही हा एकच स्वभाव दिसतो. सिनेटमध्ये डर्कसन यांना जिंकून घेणारा स्वभावही तोच होता.

माँडेल यांची गोष्ट याच्या उलट. हम्फ्री उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावर सिनेटमधली त्यांची जागा माँडेल यांना मिळाली आणि १९७७ मध्ये ते जिमी कार्टर यांचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. हम्फ्रींची झालेली कोंडी त्यांनी पाहिली होती, म्हणून आधीच बोलणी करून त्यांनी व्हाइट हाउसमध्ये कचेरी आणि राष्ट्राध्यक्षांबरोबर दर आठवड्याला भोजनाची बैठक मिळवली. आजचे उपराष्ट्राध्यक्षपद साधारण त्याच साच्यावर चालते. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहताना त्यांनी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी जेराल्डिन फेरारो यांना सोबत घेतले. मोठ्या पक्षाच्या उमेदवारीत प्रथमच एक स्त्री उभी राहिली. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात त्यांनी सांगून टाकले की, अर्थसंकल्पातील तूट पाहता राष्ट्राध्यक्ष रेगन कर वाढवतील आणि मीही वाढवीन. फरक एवढाच की ते तुम्हाला सांगणार नाहीत, मी आत्ताच सांगितले. हिशेब बरोबर होता. परंतु अर्थव्यवस्था सुधारत असताना रेगन यांच्यासमोर ते काही न बोलताही हरलेच असते, असे मला वाटते. खरे बोलल्याने पराभव फक्त मोठा झाला. निर्वाचक मंडळात ५२५ विरुद्ध १३. वॉशिंग्टन शहर सोडले तर केवळ मिनेसोटा त्यांच्या बाजूने राहिले, तेही वीस लाखांहून अधिक मतदानात चार हजारांपेक्षा कमी मताधिक्याने.

आम्ही मिनिआपोलिसमध्ये घर पाहू लागलो, तेव्हा मिनेसोटा विद्यापीठाने तयार केलेला एक नकाशा शेजारणीने दाखवला. शहरातील ज्या घरांच्या जुन्या खरेदीखतांत वंशाची अट होती, ती घरे त्यावर दाखवलेली आहेत. १९१० च्या एका खतात ही मालमत्ता चिनी, जपानी, मूर, तुर्की, नीग्रो, मंगोलियन किंवा आफ्रिकन रक्ताच्या कोणालाही विकू, गहाण ठेवू वा भाड्याने देऊ नये, असे लिहिले आहे. भारतीयांचे नाव यादीत नसले, तरी कित्येक खतांत 'फक्त श्वेतवर्णीय' असा सरसकट शब्द असे आणि त्यात आपणही बाहेरच. अशा अटींना देशभर मूठमाती देणारा निवास-समानता कायदा सिनेटमध्ये पुढे रेटला तो माँडेल यांनी, मॅसॅच्युसेट्सचे कृष्णवर्णीय रिपब्लिकन सिनेटर एडवर्ड ब्रुक यांना बरोबर घेऊन. फिलिबस्टर मोडण्याचे प्रयत्न पुनःपुन्हा फसल्यानंतर मार्च १९६८ मध्ये त्यांना यश आले, आणि किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिलला जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. २०१९ पासून मिनेसोटात घरमालकाला एक अर्ज भरून आपल्या खतावरील अशी अट अधिकृतपणे रद्द करून घेता येते. आमच्या गल्लीतल्या दोघांनी ते केले.

२००२ मध्ये सिनेटर पॉल वेलस्टोन मतदानाच्या अकरा दिवस आधी विमान अपघातात गेले आणि पक्षाने चौऱ्याहत्तर वर्षांच्या माँडेल यांना त्यांच्या जागी उभे केले. तीही निवडणूक ते थोडक्यात हरले. १९८४ मध्ये ४९ राज्यांत पराभव आणि आता पन्नासावे मिनेसोटा, असा हिशेब इथले लोक आजही हसत हसत सांगतात.