‘देव मेला’पासून पुन्हा एकदा

मिशिगनमधल्या एका लहान ख्रिस्ती कॉलेजच्या नाट्यविभागात मी तांत्रिक बाजू बघतो. दिवे, सेट, आणि सुतारकामाला आलेल्या पोरांची बोटं शाबूत ठेवणं. इथे वर्षभराची नाटकं आदल्या वसंतातच ठरतात, त्याला सीझन म्हणतात. एक संगीत नाटक, एखादं शेक्सपिअर, मुलांनी बसवलेल्या एकांकिका, आणि एक असं, की त्यावरून कोणीतरी पत्र पाठवणार हे समितीला आधीच माहीत असतं. त्या वर्षी ते होतं आर्थर मिलरचं ‘द क्रूसिबल’. १६९२ साली सेलममध्ये चेटकिणी शोधण्याच्या नादात एकोणीस जणांना फासावर चढवलं, त्यावरचं १९५३चं नाटक.

पत्र आलंच. तिसऱ्या अंकाच्या शेवटी नाटकाचा नायक जॉन प्रॉक्टर भर कोर्टात ओरडतो, ‘देव मेला!’ सत्तरी ओलांडलेल्या एका माजी विद्यार्थ्याची नम्र विनंती होती, तेवढं एक वाक्य गाळावं. हा भाग डच वंशाच्या लोकांचा. त्यांच्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडने, म्हणजे सर्वोच्च सभेने, १९२८ साली थिएटर, नाच आणि पत्ते या तिन्हींपासून लांब राहा असं बजावलं होतं. त्या मानाने पत्र सौम्यच म्हणायचं.

मी राज्य नाट्य स्पर्धेत वाढलेला. संहितेवर परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का, त्यांनी काढायला सांगितलेले शब्द, आणि ते प्रयोगात बोलायचे की नाही यावर विंगेतला खल, हे सगळं अंगवळणी पडलेलं. इथे उलटा मामला. प्रयोगाचे हक्क देणाऱ्या कंपनीच्या करारातच कलम असतं की लेखी परवानगीशिवाय शब्द गाळायचा नाही, बदलायचा नाही. दिग्दर्शिकाबाईंनी तेच कलम उत्तरात टाकलं आणि आजोबांना प्रयोगानंतरच्या चर्चेचं आमंत्रण दिलं.

खरी अडचण होती प्रॉक्टर करणाऱ्या पोराची. पास्टरचा मुलगा. तालमीत ते वाक्य आलं की त्याचा आवाज घशातच राहायचा. आमची तालीम प्रार्थनेने सुरू होते. आत्ता हात जोडायचे आणि तासाभराने हे ओरडायचं, कोणीही चाचरेल. बाई त्याच्याशी कितीदा तरी बोलल्या. तो मान डोलवायचा आणि पुन्हा पुटपुटायचा.

मग टेकचा, म्हणजे तांत्रिक तालमीचा, शनिवार उजाडला. रविवारी आमची इमारत बंद, त्यामुळे सगळं क्यू-टू-क्यू सकाळपासून रात्रीपर्यंत एका दिवसात उरकावं लागतं. यात अभिनय नसतो. मधले संवाद सोडून एका प्रकाशबदलावरून दुसऱ्यावर उडी मारायची. नट खुणांच्या पट्ट्यांवर उभे राहून जांभया देतात.

तिसऱ्या अंकाचा शेवट यायला संध्याकाळ झाली. कोर्टाच्या खिडकीतून येणारा पिवळा उजेड मी नेमका त्याच वाक्यावर काढून घेतला होता. स्टेज मॅनेजर मुलगी धर्मशास्त्राची विद्यार्थिनी. हेडसेटवर तिचा आवाज आला, “लाइट्स, स्टँडबाय.” प्रॉक्टर पुटपुटला. तिला ऐकूच आलं नाही, दिवे बदलायचा इशारा, ‘गो’, उशिरा पडला.

“होल्ड. मला वाक्य हवंय. ‘देव मेला’पासून पुन्हा.”

पुन्हा. या वेळी ‘गो’ वेळेवर, पण फेड, म्हणजे उजेड हळूहळू मावळणं, तीन सेकंदांचा, रेंगाळला. मी तो एकावर आणला. “‘देव मेला’पासून.” आता गावचा पाद्री, रेव्हरंड पॅरिस, खिडकीच्या झोतात उभा. त्याला दोन पावलं मागे घेतलं. “पुन्हा, ‘देव मेला’.” मग कोर्टाचं दार अडकलं. एव्हाना त्या वाक्याचं ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ झालं होतं. पास्टरचा मुलगा स्वतःच खो खो हसत सुटला, आणि त्यानंतर, बहुधा वैतागून, असा ओरडला की वर कॅटवॉकवर दिवा वळवणाऱ्या पोरीने वाकून खाली पाहिलं.

“थँक यू. पुढे.”

श्रेय बाईंच्या समजावण्याचंही असेल, पण माझं मत विचाराल तर काम फेडने केलं.

प्रयोगात मला चकित केलं ते दुसऱ्या अंकाने. चौकशीला आलेला पाद्री, रेव्हरंड हेल, प्रॉक्टरला बायबलमधल्या दहा आज्ञा म्हणायला लावतो. तो कोरीव मूर्तीची आज्ञा दोनदा म्हणतो आणि एक विसरतो, व्यभिचाराची. नेमकी त्यानेच मोडलेली. ती त्याला आठवण करून देते त्याची बायको! आमच्या प्रेक्षकांनी या आज्ञा लहानपणी संडे स्कूलमध्ये घोकलेल्या. माझ्या लाइट्सच्या बूथच्या पुढच्या रांगेतल्या एक आजी चक्क बोटांवर मोजत होत्या. प्रॉक्टर अडला तेव्हा कोणती राहिली हे अख्ख्या हॉलला कळलं होतं. एलिझाबेथने तोंड उघडायच्या आधीच हशा आला, त्यातच कोणाचं तरी ‘अरे देवा’. इतका तयार प्रेक्षक या नाटकाला मुंबईत मिळाला नसता.

पत्रवाले आजोबा चर्चेला थांबले. धर्मशास्त्राचे प्राध्यापक ‘देव मेला’वर टिपणं काढून आले होते. आजोबांनी त्या वाक्याचा विषयच काढला नाही. त्यांना बोलायचं होतं मेणबत्त्यांच्या स्टँडांवर. नाटकात पॅरिसला साधी कथलाची स्टँडं चालत नाहीत, सोन्याची मिळेपर्यंत तो आठवडेच्या आठवडे त्यावरच प्रवचनं झोडतो, अशी प्रॉक्टरची तक्रार आहे.

“आमच्या चर्चमध्ये नव्या ऑर्गनवरून हेच चाललंय,” आजोबा म्हणाले.

मागून कोणीतरी म्हणालं, “आमच्याकडे पार्किंगवरून.” प्राध्यापकांनी टिपणं खिशात घातली. मला हॉलला कुलूप लावायचं होतं. मी कामाचे दिवे लावले, तरी कोणी उठेना.