तुम्ही विचारलंत म्हणून: गाव ओस पडतंय की सुधारतंय?

सोलापूर जिल्ह्यातल्या लहान गावांबद्दल हा प्रश्न हमखास येतो: "माणसं कमी झाली म्हणता, मग स्लॅबची घरं कशी वाढली?" उत्तराआधी माणसं नीट मोजावी लागतात, आणि पहिली गफलत तिथेच होते.

गावनिहाय आकडे सगळे २०११ च्या जनगणनेचे वापरतात. ती मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन उसाच्या गाळप हंगामात. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची ऊसतोड कुटुंबं तेव्हा कारखान्याच्या तळावर, खोपीत असतात. मोजणीचा सगळा काळ जो बाहेर असतो, तो जिथे असेल तिथेच धरला जातो. त्यामुळे कोरडवाहू गाव प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कागदावर लहान दिसतं आणि माढा-माळशिरसकडचं कारखान्याजवळचं गाव फुगतं.

ग्रामपंचायतीची जन्मनोंद वही बारीक होत चालली, म्हणून मुलं जन्मत नाहीत असं समजू नका. जन्माची नोंद बाळंतपण झालं त्या ठिकाणी होते, आणि बाळंतपणं आता बार्शी, पंढरपूर, सोलापूरच्या दवाखान्यांत होतात. जिल्हा परिषद शाळेचा पट घटतो त्यात इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसचाही वाटा असतो. मतदार यादीचं नेमकं उलटं. चाकणला नोकरी करणाराही नाव गावातच ठेवतो. ग्रामपंचायतीची निवडणूक एकेका मतावर फिरते.

खात्रीचा मार्ग कष्टाचा आहे. ग्रामपंचायतीकडून नमुना ८ ची, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची, यादी घ्या. ती घेऊन गाव दोनदा फिरा: एकदा श्रावणात, एकदा माघात, संध्याकाळी सातच्या सुमारास. घरापुढे एवढंच लिहा: कुलूप, फक्त म्हातारी माणसं, की भरलं घर. कुलूप असेल तर कोण कुठे गेलंय ते शेजारी सांगतात. श्रावणात भरलेलं आणि माघात बंद असलेलं घर ऊसतोडीचं; दोन्ही वेळा बंद असलेलं घर गाव सोडून गेलेलं.

उत्पन्नासाठी तहसीलच्या दाखल्यावर विसंबू नका. योजनेच्या मर्यादेत बसेल असाच आकडा त्यावर बहुतेक वेळा असतो. पैसा कधी येतो आणि त्यातला आधीच कुणाचा किती, हे विचारा. दुधाचं बिल बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी येतं, त्यावर किराणा चालतो. उसाचं बिल मोठं दिसतं. समजा एकरी ४० टन उतारा आणि टनाला २,७०० रुपये हातात, तर १,०८,००० झाले. बेणं, खत, पाणी, मजुरीचे ५०,००० गेले की उरतात ५८,०००. लागणीपासून बिल हाती येईपर्यंत १६ महिने धरले, तर महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास पडतात. ऊसतोड मजुराला टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ मिळणारी रक्कम, म्हणजे उचल, तर उत्पन्नच नव्हे. ते हंगामभर एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोनं मिळून, फेडायचं कर्ज आहे. उचल कमाईत धरली की सगळ्यात गरीब घर बरं दिसायला लागतं. ही चूक फार होते आणि ती जिव्हारी लागणारी आहे.

माणसं गेल्याची खरी खूण ज्वारीत दिसते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिची काढणी अजून बरीचशी हातानंच होते. ताट, म्हणजे ज्वारीचा धांडा, उंच; कडबा अख्खा हवा. म्हणून आधी उपटायची, पेंढ्या बांधायच्या, मग कणसं मोडायची. हे काम माघ-फाल्गुनात येतं, नेमकं तोडणी टोळ्या बाहेर असताना. मजूर मिळेना म्हणून कुणी मका करतं, कुणी पाणी आणून डाळिंब लावतं. दहा वर्षांपूर्वीचा आणि आजचा पीकपेरा, म्हणजे कुठल्या रानात काय पेरलं त्याची नोंद, शेजारी ठेवला की घटलेले हात दिसतात.

ओस की सुधारलं, याचं एक उत्तर म्हणूनच नाही. माणसं घटली की मजुरीचा दर चढतो. मागे राहिलेल्या भूमिहीन बाईच्या हातात त्यानं चार पैसे जास्त येतात. त्याच दरानं दोन एकरवाल्या म्हाताऱ्याची ज्वारी परवडेनाशी होते. तो रान खंडानं, म्हणजे ठरलेल्या मोबदल्यावर दुसऱ्याला कसायला, देतो. सातबाऱ्यावर शेतकरी तोच, पेरणारा दुसरा. खंड किती आणि कधी मिळतो, हे त्या घरात बसून विचारा. तो आकडा कुठल्याच वहीत नसतो.