फणसाखालची गाडी : आमची वाटचाल

साताऱ्याहून कासकडे जाणारा रस्ता यवतेश्वरचा घाट चढू लागतो, त्याच्या थोडे अलीकडे आमचे घर आहे. अंगणातल्या फणसाखाली एक पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर उभी असते आणि गेली काही वर्षे तिच्यात आमचे पाहुणे राहतात.

ही गाडी आम्ही व्यवसायासाठी घेतलेली नव्हती. 2017 साली, मुले लहान असताना, घरच्यांना घेऊन हिंडावे म्हणून ती जुनी विकत घेतली. आतली आसने काढून पलंग, कपाटे आणि छोटा ओटा बसवायचा होता. वाहनाच्या मूळ रचनेत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार परिवहन कार्यालयाची मान्यता लागते, म्हणून आधी तो कागद हाती घेतला आणि मगच सुताराला बोलावले. तीन वर्षे कोकण आणि कर्नाटक पाहून झाल्यावर 2020 ची टाळेबंदी आली आणि गाडी जी फणसाखाली उभी राहिली ती राहिलीच.

पुढे 2022 च्या सप्टेंबरमध्ये, कासची फुले ऐन भरात असताना, मेहुणीच्या ओळखीचे एक कुटुंब पुण्याहून आले. पश्चिम घाटाबरोबर कास 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून हंगामातल्या शनिवार-रविवारी साताऱ्यात खोली मिळणे अवघड होते, तसे त्यांचेही झाले. आमचे घर तर आधीच भरलेले होते, म्हणून त्यांची सोय गाडीत केली. निघताना त्यांनी आईच्या हातावर पैसे ठेवले, ते आईने परत केले; परंतु आठच दिवसांनी त्यांच्या मित्रांनी फोन करून गाडीचे भाडे विचारले, तेव्हा मात्र आम्ही दोघे वही घेऊन हिशेबाला बसलो.

त्या बैठकीत पत्नीने दोन गोष्टी ठरवल्या आणि आजही आमचा व्यवसाय त्यांवरच उभा आहे. पहिली म्हणजे गाडीत शौचालय ठेवायचे नाही. लहान जागेतल्या टाकीचा वास कितीही औषध घातले तरी पाहुण्याच्या नाकाला जातोच, म्हणून गाडीपासून दहा पावलांवर पक्के न्हाणीघर आणि शौचालय बांधले व ते घराच्या सेप्टिक टँकला जोडले. दुसरी म्हणजे गाडीत चूल पेटणार नाही. स्वयंपाक घरातच होईल. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, खर्डा आणि सकाळी थालीपीठ या जेवणासाठी आम्ही अन्न सुरक्षा नोंदणीही करून घेतली. पुन्हा येणारे पाहुणे गाडीइतकीच या ताटाची आठवण काढतात, हे मी पत्नीच्या श्रेयासाठी मुद्दाम लिहितो.

पहिल्या पावसाळ्याने आमची खरी परीक्षा घेतली. यवतेश्वरच्या बाजूने येणारा पाऊस आडवा मारतो. छतावरच्या झडपेचे रबर कडक झालेले होते आणि जुलैतल्या एका रात्री पलंगाखालचा प्लाय भिजून फुगला. पाहुण्यांना मध्यरात्री घरात आणले आणि सकाळी त्यांचे सगळे पैसे परत केले. त्यानंतर भिजलेला प्लाय काढून समुद्री दर्जाचा, म्हणजे ओल सोसणारा, बसवला, गाडीवर खांबांची पत्र्याची शेड घातली आणि शेड व गाडीचे छत यांत हात जाईल एवढी हवा खेळती ठेवली. शेडमुळे उन्हाळ्यातला तापही बराच कमी झाला. वीज घरातूनच घेतली असली तरी तिला स्वतंत्र अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ, आहे, कारण पत्र्याच्या गाडीत ओल्या पायाने शिरणाऱ्या माणसाच्या बाबतीत याहून कमी काळजी घेणे मला पटत नाही.

याहून मोठा प्रसंग एका डिसेंबरात घडला. थंडी कडाक्याची होती आणि गाडीत एक तरुण जोडपे उतरले होते. रात्री दहाच्या सुमारास आईला अंगणातली कोळशाची शेगडी जागेवर दिसली नाही, आणि तिने मला जेवणावरून उठवले. मी जाऊन दार ठोठावले, तर ऊब धरावी म्हणून शेगडी आत घेतलेली आणि खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या. दोघांचेही डोके जड झाले होते. धुमसणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. त्यांना बाहेर मोकळ्या हवेत बसवले आणि लगेच दवाखान्यात नेले; दोघेही सुखरूप घरी गेले. ती रात्र आठवली की आजही माझे हात गार पडतात. दुसऱ्याच दिवशी शेगडी कुलपात गेली, गाडीत या वायूची सूचना देणारे यंत्र बसले, दोन जाड गोधड्या वाढल्या आणि वायुवीजनाच्या दोन फटी कोणालाही बुजवता येणार नाहीत अशा केल्या. आता प्रत्येक पाहुण्याला किल्ली देताना मी ही गोष्ट स्वतः सांगतो.

विम्याच्या बाबतीत आम्ही उशिरा शहाणे झालो. खासगी वाहनाच्या पॉलिसीत भाड्याचा वापर धरलेला नसतो, म्हणून आम्ही कंपनीला लेखी कळवून वेगळे संरक्षण घेतले. गाडी रस्त्यावर नेऊन भाड्याने देणे हा निराळा, परवान्याचा व्यवसाय आहे आणि आम्ही तो करत नाही. येणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखपत्राची नोंद ठेवतो. परदेशी पाहुणा असेल तर 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरतो.

उभी गाडी जपणे हे चालत्या गाडीहून जास्त कष्टाचे काम आहे, हे मला अनुभवाने कळले. टायर एकाच जागी दबतात, ब्रेक गंजतात, उंदीर वायरी कुरतडतात आणि नुसते इंजिन सुरू ठेवल्याने बॅटरी पुरती भरत नाही. म्हणून महिन्यातून एका मंगळवारी आम्ही पाणी आणि वीज यांची जोडणी सोडवतो, आसाखालचे टेकू काढतो आणि गाडी यवतेश्वरपर्यंत चढवून आणतो. आईला या फेरीची फार हौस आहे. ती पुढच्या आसनावर बसते आणि येताना देवाचा अंगारा आणून स्टिअरिंगला लावते.

हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो आणि त्यातच सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी धावपटूही येतात. सज्जनगडाला आणि ठोसेघरला जाणाऱ्या कुटुंबांमुळे इतर महिनेही रिकामे जात नाहीत. दुसरी गाडी आणा, असे पुष्कळ जण सुचवतात. अंगणात तेवढी जागा आहेही. परंतु दोन गाड्यांच्या पाहुण्यांना रात्री झोपण्यापूर्वी एकदा जाऊन विचारपूस करणे आम्हा तिघांच्याने नेटके होणार नाही, म्हणून यंदाही आम्ही एकाच गाडीच्या झडपांची रबरे नवी घातली आहेत.