२३६ एमबीचं बूट आणि डेबियन १३

रविवार १

घरचा डेस्कटॉप डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या आवृत्ती १२ वरून १३ वर न्यायचा मुहूर्त आज काढला. बॅकअप झाला, पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाइलमध्ये बुकवर्मचं (१२ चं नाव) ट्रिक्सी (१३ चं) केलं, आधी छोटं अपग्रेड, मग फुल-अपग्रेड. हजारेक पॅकेजं सुरळीत उतरली आणि ६.१२ कर्नलची (सिस्टिमचा गाभा) इनिटरॅमएफएस, म्हणजे मशीन उठताना लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल, बनताना गाडी अडली: डिस्कवर जागा नाही. पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीने हात वर केले.

अशा वेळी हात रीस्टार्टकडे जातो. तो आवरला. अर्धवट अपग्रेड झालेलं मशीन चालू आहे तोवर सगळं दुरुस्त करता येतं. बंद केलं की पेनड्राइव्ह शोधत बसा. (लाइट गेली असती तर? इन्व्हर्टरवर जीव टांगला होता.)

डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडने लगेच चोर दाखवला. रूटवर (मुख्य भागावर) ६० जीबी रिकामे, कर्नल ठेवायचं बूट पार्टिशन मात्र अवघं २३६ एमबी आणि शंभर टक्के भरलेलं. हे २०१७ मध्ये डेबियन ९ टाकताना इन्स्टॉलरने एलव्हीएमसोबत (डिस्कचे लवचिक भाग पाडायची पद्धत) आपणहून काढून दिलेलं पार्टिशन. तेव्हापासून १०, ११, १२ त्यावरच चढवले. ट्रिक्सीच्या रिलीज नोट्समध्ये चक्क लिहिलंय की बूट किमान ७६८ एमबीचं हवं, त्यात ३०० एमबीच्या आसपास मोकळे हवेत, आणि डेबियन १० किंवा त्याआधीचं इन्स्टॉल असेल तर अडचण येणारच असं धरा. नोट्स मी अपग्रेड अडकल्यावर वाचल्या.

युनेम -आर ने चालू कर्नलचा आकडा बघून तो सोडला आणि जुना ६.१ पर्ज केला, म्हणजे मुळासकट काढला. मग अडलेली पॅकेजं पुरी करायला डीपीकेजी कॉन्फिगर -ए. या वेळी फाइल बनली, पण शेवटी ट्रिगरने (अखेरीस आपोआप चालणाऱ्या कामाने) तीच पुन्हा बनवायला घेतली आणि परत आपटली. कारण असं की जुनी फाइल जागेवर ठेवून नवी शेजारी डॉट-न्यू नावाने लिहिली जाते, म्हणजे काही क्षण दुप्पट जागा लागते. माझी फाइल ग्राफिक्सच्या फर्मवेअरमुळे ११० एमबीची झाली होती.

तात्पुरता उपाय म्हणून इनिटरॅमएफएसच्या सेटिंगमध्ये मॉड्यूल्स (ड्रायव्हर) 'मोस्ट'चं 'डेप' केलं, म्हणजे याच मशीनला लागतील तेवढेच ड्रायव्हर. काही फरक पडेना! अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की कॉन्फ-डी फोल्डरमधली ड्रायव्हर-पॉलिसी नावाची फाइल मुख्य सेटिंगवर मात करते. तिथे बदल केला, फाइल ३४ एमबीवर आली आणि अपग्रेड पुरं झालं.

रविवार २

'डेप'वर कायम राहायचं नाही. उद्या मदरबोर्ड बदलला तर बूटच होणार नाही. मशीन जुनं, बायॉसवालं, एन्क्रिप्शन नाही आणि कर्नल सुरू करून देणाऱ्या ग्रब २ ला एलव्हीएम वाचता येतं; मग वेगळं बूट हवंच कशाला? पार्टिशन अनमाउंट करून एमएनटी फोल्डरवर लावलं, आतलं सगळं सीपी -ए ने कॉपी करून रूटमधल्या बूट फोल्डरमध्ये आणलं, कोणतं पार्टिशन कुठे लावायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅबमधली ओळ बंद केली, 'मोस्ट' परत केलं, अपडेट-ग्रब. मशीन उठलं. चहा.

बुधवार

कर्नलचा सुरक्षा अपडेट आला. रीस्टार्ट केलं, तर युनेम जुनाच आकडा सांगतोय. ग्रबच्या मेनूतही नवा कर्नल नाही. म्हणजे रविवारी मशीन उठलं ते जुन्याच पार्टिशनवरून! अपडेट-ग्रब फक्त मेनूची फाइल लिहितं. ती कुठून वाचायची हे डिस्कच्या सुरुवातीला बसलेल्या ग्रबला माहीत असतं आणि त्याला नवा पत्ता मी दिलाच नव्हता. ग्रब-इन्स्टॉल विसरलो होतो. अजून एकदोन कर्नल येऊन ऑटोरिमूव्ह (जुने कर्नल काढणं) झालं असतं, तर जुना कर्नल त्या पार्टिशनवरून उठला असता, पण त्याचे मॉड्यूल्स गायब. नेटवर्क नाही, आवाज नाही, आणि मी भलतीकडेच शोधत बसलो असतो.

ग्रब-इन्स्टॉल एसडीएवर (म्हणजे डिस्कवर), पुन्हा अपडेट-ग्रब, रीस्टार्ट. आता नवा आकडा दिसतोय. खात्रीसाठी जुन्या पार्टिशनमधल्या ग्रब फोल्डरचं नाव बदलून परत उठवून पाहिलं, उठलं. ते २३६ एमबी अजून पुसलेले नाहीत. पुढचा कर्नल अपडेट नीट बसला की पुसेन.